स्वेटरकाकूचं सोवळं

मे महिन्यात मुकुंदवाडीत पत्र्याखाली बसलं की डोकं भाजून निघतं. अशा दुपारी आमच्या शेजारची काकू स्वेटर घालून, पायांत मोजे चढवून उंबऱ्यावर उन्हात बसलेली असे. गल्लीतली पोरं तिला स्वेटरकाकू म्हणत. जाता-जाता कुणीतरी ओरडायचं, "ओ काकू, बर्फ पडला का?" काकू डोळे न उघडता म्हणायची, "पडला नं. माझ्यापुरताच पडला."

तिचं बोलणं हळू, चालणं हळू. आवाज घोगरा, चेहरा मेणासारखा फिका, भुवया जवळपास नाहीतच. भाजी निवडता-निवडता तिला डुलकी लागायची आणि आतून सासू ओरडायची, "झोपली का गं म्हैस?" सासूला सगळी गल्ली आजी म्हणे. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आळशी हाय ती. कामाचं नाव काढलं की चक्कर येती. पोराला दूध सुदिक नाय पाजलं. शेळीच्या दुधावर वाढवला आमी सचिन."

सचिन तिचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वर्गातला. त्याच्या वेळी काकू माहेरी बिडकीनला होती. बाळंतपणात रक्त इतकं गेलं की जीपमध्ये घालून शहरात आणावं लागलं. वाचली. पण दूध आलं नाही, आणि पाळीही पुन्हा आली नाही. तेव्हा ती जेमतेम विशीची होती.

घरानं पहिल्या गोष्टीवरून तिला टोमणे मारले आणि दुसरीचा फायदा घेतला. भादव्यात आमच्याकडे घरोघर महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या असा नैवेद्य सोवळ्यात रांधायचा, आणि तो दाखवेपर्यंत रांधणारीनं पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पाळी आलेल्या बाईला त्या चुलीपाशी जागा नाही. काकूला पाळी येतच नव्हती. त्यामुळे जावा दरवर्षी अडचण सांगून मोकळ्या व्हायच्या आणि चूल काकूच्या गळ्यात पडायची. आजी कौतुकानं म्हणायच्या, "देवीनंच निवडलंय तिला." आजाराचं लक्षण त्या घरात मान म्हणून मिरवत होतं. त्यामुळे ते लक्षण आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझे बाबा कारखान्यात होते. त्यांच्या युनियनची पत्रकं मी काकूला मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकदा पिळवणुकीवरचं पत्रक तावातावानं वाचलं. काकू म्हणाली, "लई चांगलं लिव्हलंय. माझं कोणत्या पानावर हाय?" पत्रक एकाच पानाचं होतं.

मी दहावीत असताना, जेवणाच्या दिवशी काकू पुरण वाटता-वाटता कोसळली. आधीपासून अंगात ताप होता, उलट्या होत होत्या. तरी सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आजींनी आधी पुरणाचं पातेलं बाजूला ओढलं, मग हाक मारली. सचिनचे वडील, माझी आई आणि मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिचे पाय माझ्या मांडीवर होते. माठावर हात ठेवावा तसे गार.

सलाईन चढल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"बाळंतपणानंतर दूध आलं होतं?"

"नाय."

"पाळी?"

काका छताकडे बघू लागले. काकू म्हणाली, "सचिन झाला तवापसून नाय."

"आणि इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं, म्याडम? घरात समद्यांना ठावच होतं."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागं, हाडाच्या वाटीत वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. मी ती ओळखत होते. शाळेच्या पुस्तकात ती पियूषिका होती आणि 'इतर ग्रंथींवर नियंत्रण ठेवते' एवढं लिहिलं की एक मार्क मिळायचा. गरोदरपणी ही ग्रंथी फुगते, तिला रक्त जास्त लागतं. नेमकं तेव्हाच रक्त वाहून गेलं तर ती सुकून जाते. मग दूध तयार करायचा निरोप छातीला मिळत नाही, पाळीचा निरोप अंडाशयाला मिळत नाही. गळ्यातली थायरॉइड सुस्तावते, अंगातली ऊब आणि हुशारी जाते. सगळ्यात घातक म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी. आजारपणात त्यांनी जोर लावायचा असतो, पण तसं सांगणारंच कुणी उरत नाही. साध्या तापातही माणूस दगावू शकतं.

काकूनं डोळे मिटून सगळं ऐकलं. "म्हंजी समदे घरात हायेत, पन उठा म्हननारं कुनी नाय."

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आधी स्टेरॉइडची गोळी सुरू झाली, मग थायरॉइडची. रोज उठल्याबरोबर घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर स्टेरॉइड दुप्पट, उलटीत पडली तर इंजेक्शन, हे त्यांनी काकांकडूनही वदवून घेतलं. संक्रांतीच्या थंडीत काकू स्वेटर न घालता आमच्याकडे हळदी-कुंकवाला आली. आवाज मोकळा झाला होता. आजींना आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर मिळालं, "म्हैस म्हनू नका आत्याबाई, म्हैस दूध देती."

मग तिसरी गोळी आली आणि घर पेटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडाशयाचं हार्मोन इतकी वर्षं मिळालेलं नाही, हाडं पोकळ होत चालली आहेत. त्याच्या गोळ्या घ्याव्या लागतील. पाळी येईल.

आजी म्हणाल्या, "पहिल्या दोन घे. तिसरी कशापायी? आता का पाळणा हलवायचाय तुला? अन् महालक्ष्म्यांचं कोण करणार?"

काका म्हणाले, "आई म्हणती तर ऱ्हाऊ दे."

मी भडकले. "काकू, हाडं तुमची आहेत. घ्या तुम्ही गोळी!"

"तुला बोलायला काय जातंय," काकू म्हणाली. "तुला सांच्याला तुझ्या घरी जायचं अस्तंय."

तरी तिनं गोळी घेतली. पुढच्या महालक्ष्म्यांना ती बाजूला बसली. आजींनी पडवीत गोणपाट टाकलं, "हितंच बस. शिवू नको कशाला." एका कोंडीतून सुटलेल्या बाईला दुसरीत बसवलेलं बघून मला रडू आलं. "ही कसली सुटका, काकू?" काकूच्या हातात चहाचा कप होता. त्या दिवशी त्या वेळी चहा तिनं सासरी कधी घेतला नव्हता. म्हणाली, "गप गं. त्यो धूर बघ. बाहीरून केवढा दिसतोय."

एवढंच एक वर्ष. नंतर आजींनी तिचा हात सचिनच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली आणि तिसरी गोळी बंद झाली. पुढच्या भादव्यात मी पुण्याच्या हॉस्टेलवरून आले तर काकू पुन्हा सोवळ्यात, चुलीपुढं. फक्त चूल पेटवण्याआधी तिनं आजींच्या डोळ्यांदेखत सकाळची गोळी पाण्याबरोबर गिळली. "ही घेतल्याबिगर चूल पेटायची नाय, आत्याबाई." आजींनी तोंड फिरवलं. तिसरी का सोडली, म्हणून मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, "समदं येकदम मागितलं की कायच मिळत नाय, बाई."

मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. घराशी झालेल्या त्या तडजोडीची किंमत तिच्या हाडांनी भरली. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. चाळिशीतली बाई, आणि एक्स-रे म्हातारीचा. आता ती पुढच्या खोलीत खाटेवर असते.

आजी आता नाहीत. यंदा जेवणाच्या दिवशी मी काकूपाशी बसले होते. सचिनची नवी बायको ओल्या साडीत आतून आली. सकाळपासून उपाशी, ओठ सुकलेले. "मम्मी, डाळ शिजली. पुढं काय करू?"

"आधी हितं बस. चहा घे. बिस्किटं खा."

मुलगी गोंधळली. आत मांडलेल्या महालक्ष्म्यांकडे बघत म्हणाली, "पण नैवेद्य व्हायचाय अजून."

"मी सांगती नं. बस."

ती खाटेच्या कडेला टेकली. काकूनं मला खुणावलं, मी चहा आणून दिला. मुलगी घाबरत, मग घाईघाईनं, मग सावकाश प्यायली. तिचा कप रिकामा होईपर्यंत काकूनं पुरणाबद्दल एक शब्द काढला नाही.