नमूची कॉमेंट्री

वेळणेश्वरच्या मथुराकाकीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आता मात्र आडवा फटका कुणी मारला आणि सरळ बॅटनं कोण खेळला, हे ती बांधावर बसून सांगते. हे सगळं तिच्या लेकीनं तिला शिकवलं, तेही काकीनं कधी विचारलेलं नसताना.

लेकीचं नाव नम्रता. बारशाला आत्यानं मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पोर बोलायला लागली तसा महिपत, म्हणजे तिचा बाप, कपाळाला हात लावून म्हणायला लागला, "नाव चुकलंच आपलं. हिच्या अंगात सगळं हाय, नम्रता तेवढी नाय." महिपत मालवाहू बोटीवर खलाशी होता. वर्षातले जास्त महिने समुद्रावर. घरी आला की त्याचं आणि नमूचं गूळपीठ जमायचं आणि मथुरा एकटी पडायची.

नमू जन्मली तीच मणक्यातला दोष घेऊन. चिपळूणच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, जीव वाचला, पण कमरेखाली ताकद काही आली नाही. वाडीतल्या बायका बघायला यायच्या. तोंडभरून बोलायच्या, मग पायांकडे बघून चुकचुकायच्या. मथुरा त्यांना चहा द्यायची आणि त्या गेल्या की माजघरात जाऊन डोळे पुसायची. नमू पाचेक वर्षांची असेल, तेव्हा अशाच एका चुकचुकणाऱ्या म्हातारीला तिनं सरळ विचारलं, "आज्ये, तुझ्या तोंडात पाल हाय काय गो?"

म्हातारी फणकारून निघून गेली. मथुरेनं लेकीला दटावलं खरं, पण त्या दिवशी ती माजघरात गेली ती तोंडाला पदर लावून हसायला.

शाळेत मथुराच तिला पाठीवर घेऊन जायची. पुढे महिपतनं चाकाची खुर्ची आणली, पण ती घरात आणि दारापुढच्या खळ्यात फिरायची तेवढीच. घर वर, मैदान खाली, आणि मध्ये जांभ्या दगडाची उभी पाखाडी. त्या पायऱ्यांवर चाकांचा काय उपयोग? मैदान म्हणजे तरी काय, भात कापून मोकळा झालेला मळा. थंडी सुरू झाली की पोरं तिथं पिच चोपायची आणि उन्हाळा संपेपर्यंत सामने चालायचे. नमू खळ्याच्या कडेला खुर्ची लावून सगळं बघायची. बघून गप्प बसेल तर ती नमू कसली! खालचा खेळ ती वरून मोठ्यानं आईला सांगायची. खाली खेळ नसला तर आईचंच चालू व्हायचं.

"मथुराबाई सुपारी सोलायला बसल्यात. सुपारी हातात, कोयता तयार... आणि कोंबडी मध्ये आली! कोंबडी मैदानात! मथुराबाईंनी चप्पल फेकली, नेम चुकला, कोंबडी नाबाद!"

"गप गो बाय," मथुरा म्हणायची. "शेजारी ऐकतात."

शेजारी ऐकतच होते. वाडीच्या टीमचा कॅप्टन संदेश तर पाखाडीवर थांबून ऐकायचा. एका वर्षी गावच्या स्पर्धेला बाहेरचा कॉमेंटेटर ठरवलेला होता. त्याची गाडी वाटेत बंद पडली. मंडप बांधलेला, स्पीकर लावलेले, माणसं जमलेली, आणि माईक मुका. संदेश धापा टाकत वर आला.

"काकी, नमूला नेऊ काय खाली?"

मथुरा खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. "नको रे. चार गावचे लोक आलेत. कोण काय बोलंल. तिच्याकडे बघत राहतील."

"आई, मॅचला लोक बघायलाच येतात," नमू म्हणाली. "संदेशदादा, उचल."

चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. पाखाडी उतरताना नमू वरूनच ओरडत होती, "बाजूला व्हा! शिमगा लांब हाय, पण पालखी निघाली!" मथुरा मागून शाल घेऊन धावली. मंडपात लेकीच्या मागे, खांबाला टेकून बसली आणि मनातल्या मनात देवाला हाका मारत राहिली.

नमूनं माईक हातात घेतला आणि जशी खळ्यात बोलायची तशीच बोलायला लागली. पहिल्या दोन-तीन षटकांतच लोकांनी कान टवकारले. मग फलंदाजीला आला धोंडू, हातखंब्याचा टपरीवाला, अंगानं भारदस्त. त्यानं चेंडू ढकलला, धाव घ्यायची की नाही याचा विचार करत मध्येच उभा राहिला आणि धावबाद झाला. नमूचा आवाज सगळ्या मळ्यावर घुमला:

"अहो मंडळी, चालत नाहीत माझे पाय, आणि रनआऊट झाले धोंडूशेठ!"

मळा एकदम चिडीचूप झाला. हसावं की हसू नये, हे कुणालाच कळेना. मथुरेनं डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागतंय! तेवढ्यात मैदानाच्या मध्यावर धोंडूशेठ बॅटवर रेलून गदगदा हसायला लागला, आणि मग सगळा मळा हसला. मथुरेनं डोळे उघडले तेव्हा धोंडू मंडपाकडे बघून दोन्ही हात जोडत होता.

त्या दिवसापासून नमू तालुक्याची झाली. गावोगावची मंडळी न्यायला यायची. सोबत मथुरा असायचीच, डबा आणि औषधांची पिशवी घेऊन. एका गावानं फ्लेक्स लावला होता: 'अपंग असूनही जिद्दी समालोचक कु. नम्रता.' नमूनं तो वाचला आणि माईक मांडीवर ठेवला.

"ते पहिले दोन शब्द झाका, मग बोलते."

"अगो, कौतुकानंच लिहिलंय," आयोजक म्हणाले.

"कौतुक माझ्या बोलण्याचं करा. पायांनी काय केलंय? ते बिचारे बसून असतात. अगदीच जागा रिकामी वाटत असंल, तर 'तोंडाळ' लिहा."

शेवटी वर्तमानपत्राचा कागद चिकटवला, तेव्हा सामना सुरू झाला.

ती सदा हसतच होती असं मात्र नाही. मैत्रीण वैष्णवी लग्न होऊन पुण्याला गेली, त्या दिवशी नमू मांडवात गाणी म्हणून आली, सगळ्यांची थट्टा केली, आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. "आज नाय गो हसवत आई," एवढंच म्हणाली. मथुरेनं काही समजूत काढली नाही. काय काढणार? शेजारी आडवी झाली आणि तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नमूनंच चहा मागितला, वर आलं कमी पडलंय म्हणून कुरकुरली. मथुरेला ती कुरकुर ऐकून बरं वाटलं.

पुढे मूत्रपिंडं दगा द्यायला लागली. डॉक्टरांनी हा धोका पहिल्यापासून सांगितलेला होता. महिपतनं बोट सोडली आणि घरी आला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तिथंही नमूचं तोंड चालूच. "सिस्टर नवीन सुई घेऊन रनअपवर... पेशंट सावध!" सिस्टर हसायच्या, आजूबाजूच्या खाटांवरची माणसं मान वळवून बघायची. पण आवाज उतरत चालला होता, तो मथुरेला कळत होता. गणपती गेले आणि त्याच आठवड्यात नमू गेली. चोविसावं सरलं नव्हतं.

त्या थंडीत खाली पिच चोपल्याचा आवाज आला तशी मथुरेनं मळ्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. दोघं नमूबद्दल बोलायचीच बंद झाली होती. एक दिवस संदेश आला, दारातच उभा राहिला.

"काकी, स्पर्धा नमूच्या नावानं ठेवलीय. सुरुवातीला दोन मिनिटं शांत उभं राहणार सगळे. तुम्ही दोघांनी यायला हवं."

दोघं गेली. सगळा मळा उठून उभा राहिला. समुद्राची गाज तेवढी ऐकू येत होती. मथुरेला ती शांतता सोसवेना. ती चालत माईकपाशी गेली. जन्मात कधी माईकवर बोलली नव्हती.

"बसा रे पोरांनो," ती म्हणाली. "माझी नमू दोन मिनिटं गप्प राहिल्याचं मला आठवत नाय. तिच्यासाठी कशाला गप्प राहता? खेळा."

मग धोंडूशेठनं टाळी वाजवली आणि खेळ सुरू झाला. मथुरा शेवटच्या चेंडूपर्यंत बसली. घरी येताना महिपत पाखाडीवर टेकला, आणि नमूचं नाव घेऊन पहिल्यांदाच मोकळा रडला. मथुरा त्याच्या पायरीवर बसून राहिली.

गेल्या वर्षी जवळच्या गावातून सावित्री म्हणून एक तरुण बाई आली. कडेवर मुलगी, वेदिका. मणक्याचं तेच दुखणं. सावित्री पदराशी चाळा करत म्हणाली, "काकी, तुम्ही कसं वाढवलंत हो तिला?"

मथुरेनं खरं ते सांगितलं. "मी भीत भीत वाढवलं गो. तीच नाय भ्यायली."

मग तिनं कूस कशी बदलायची, जखम होऊ नये म्हणून काय बघायचं, हे सगळं दाखवलं. आता दर गुरुवारी ती त्यांच्याकडे जाते. वेदिका नमूसारखी नाही. मुलखाची अबोल, क्रिकेटकडे ढुंकून बघत नाही. तिला रांगोळीचं वेड आहे. मथुरेला ठिपके जोडता येत नाहीत, तिचं बोट घसरतं आणि वेदिका तिचा हात धरून रेघ सरळ करते.