जुळारीणबाईंची सही

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणतात. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, पितळेच्या पट्टीत शेजारी शेजारी उभं करायचं, शब्द पुरा झाला की मध्ये कोरा खिळा ठेवायचा, ओळ भरली की घट्ट बसवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून ओळही उलटीच वाचावी लागते. नवशिक्याला गरगरतं. मुरलेल्या जुळाऱ्याला उलटं काय आणि सुलटं काय, दोन्ही सारखंच.

आमच्या बाजारगावात असा छापखाना एकच उरला आहे आणि त्यात जुळारीही एकच, ती एक बाई. चोवीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच उंच स्टुलावर बसतात. गाव त्यांना जुळारीणबाई म्हणतं. पावत्या, निमंत्रणं, शाळेचे दाखले, दवाखान्यांचे अर्ज, सगळं त्यांच्या हातचं. माणूस जन्मला तर तो कागद त्यांच्या हातचा आणि गेला तर तोही. मालक टेबलाशी बसून आलेला मजकूर वाचायला घ्यायचे आणि बाई टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूनं, त्यांच्या आधी चूक सांगायच्या. मालक म्हणायचे, "बाईंसमोर साधी चिठ्ठी लिहायची सोय राहिली नाही." बाई उलटं वाचतात हे त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. वेळ आली तेव्हा नेमकं तेच सगळे विसरले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई आजारी पडल्या. आधी नुसता थकवा. मग पट्टी धरली की तळव्यावर निळे डाग उमटू लागले, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि ताप काही केल्या उतरेना. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दुपारी मोठ्या हॉस्पिटलात जायची चिठ्ठी दिली. तिथं दोन दिवसांत निदान झालं. रक्ताचा कर्करोग.

हे निदान सांगितलं कुणाला? बाईंच्या दादांना.

दादा म्हणजे त्यांचा एकुलता एक थोरला भाऊ, शाळेचा मुख्याध्यापक, इस्त्रीच्या सदऱ्यातला, सभेत पहिल्या रांगेत बसणारा. बाईंचा नवरा सायकली दुरुस्त करतो आणि मोजून मापून बोलतो. मोठ्या हॉस्पिटलात शिकलेलं माणूस बरोबर असावं म्हणून त्यानंच दादांना बोलावलं. दादा आले, डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसले, आणि त्या घटकेपासून दुखणं बाईंचं आणि कारभार दादांचा झाला. बाहेर जिन्याशी त्यांनी नवऱ्याला आणि सतरा वर्षांच्या मुलीला बजावलं, की तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये, तिला झेपणार नाही. रक्तात बिघाड आहे, औषध कडक आहे, एवढंच सांगायचं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही मान डोलावली. संमतीच्या कागदावर दादांनी झोकात सही ठोकली आणि पेन खिशाला लावलं.

चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून ज्या बाईनं घर चालवलं, तिला स्वतःच्या रक्तातली चूक झेपणार नाही, हे ठरवणारे हे कोण? मला हे लिहितानाही हात आवरावा लागतो.

घरच्या दोघांच्या कष्टांत मात्र मी खोट काढणार नाही. पाच-सहा आठवडे औषधाची पहिली फेरी चालली. नवऱ्यानं दुकानाला कुलूप घातलं. बोटांच्या पेरांत मुरलेलं वंगण निघावं म्हणून तो इतका हात धुवायचा, की शेवटी नर्सनंच सांगितलं, "आता थोडं कातडं राहू द्या, त्याचंही काम असतं." बाहेरचं काही खायचं नाही, शिळं नाही, कच्चं नाही, हे कळल्यावर ज्या माणसानं कधी पाणी तापवलं नव्हतं, तो मऊ भात शिजवायला शिकला. तोंडात फोड आले तेव्हा तोच भात त्यानं गाळून भरवला. मुलगी वहीत दर चार तासांनी ताप लिहायची. केस उशीवर येऊ लागले तसे तिनं एका सकाळी आईला आरशाकडे पाठ करून बसवलं आणि सगळे काढून टाकले. "आता फणीला पेन्शन," मुलगी म्हणाली. बाई हसल्या, आणि हसताना फोड दुखले म्हणून मुलीला रागावल्या.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगू. शिंकत शिंकत यायचे. एका आत्याबाईंनी दारातच निकाल दिला, की बाईमाणसानं शिशात हात घातले त्याचं हे फळ. शिशामुळं असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते. पण आत्याबाईंना डॉक्टर कशाला लागतात. नवऱ्यानं मग दारात स्टूल टाकलं आणि स्वतःच त्यावर बसून राहिला. जो येईल त्याला तिथूनच परत पाठवायचा. गावात त्याला लोक माणूसघाणा म्हणाले. म्हणोत.

बाई विचारायच्या. नक्की काय झालंय मला? नवरा म्हणायचा, दादांना विचारतो. मुलगी म्हणायची, आई, पाणी पी. बाईंना शंका नव्हती असं नाही. त्यांनीच मला पुढं सांगितलं, की शंका म्हणजे पुसट उमटलेला कागद. अक्षरं आहेत एवढं दिसतं, पण त्यावर बोट ठेवता येत नाही.

फेरी संपून घरी आल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जायचं होतं. दादांना त्या दिवशी शाळेत काम निघालं. मोठे डॉक्टरही रजेवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फाईल उघडली आणि वाचत बसल्या. टेबलाच्या या बाजूला बाई, तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल. शेजारी नवरा.

फाईल बाईंच्या बाजूनं उलटी होती.

पहिला कागद त्यांनी मजकुरावरून ओळखला नाही, खिळ्यांवरून ओळखला. त्यातल्या "रु"च्या शेपटीचा टवका उडालेला. तो खिळा त्यांच्याच छापखान्यातला. नवा मागवा म्हणून त्यांनी मालकांना कितीदा सांगितलं होतं. हा संमतीचा फॉर्म सहा वर्षांपूर्वी त्यांनीच जुळवला होता. "रुग्णास आजाराचे स्वरूप व उपचारातील धोके समजेल अशा भाषेत सांगण्यात आले आहेत." ही ओळ पट्टीत बसेना म्हणून त्यांनी ती दोनदा मोडून पुन्हा जुळवली होती. त्यावर आजाराच्या रकान्यात हातानं लिहिलं होतं, रक्ताचा कर्करोग. खाली "रुग्णाची सही" अशी टिंबांची रेघ. टिंबंही त्यांनीच एकेक करून लावलेली. त्या टिंबांवर दादांची झोकदार सही.

दुसऱ्या कागदावर पेनानं लिहिलेलं होतं. भावाची जुळणी तपासणी तीनदा सांगितली, नातेवाईक "नंतर" म्हणतात.

बाईंनी कागद वाचून संपवला. मग शांतपणे विचारलं, "डॉक्टर, जुळणी कुणाची राहिली आहे?"

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडं.

"माझ्याकडं बघून सांगा," बाई म्हणाल्या. "कर्करोग मला झालाय. जुळणी माझा धंदा आहे. दोन्हीतलं काय समजणार नाही मला?"

तेव्हा कुठं, दोन महिन्यांनी, कुणीतरी बाईंना त्यांचं दुखणं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी फाईल फिरवून त्यांच्यासमोर सरकवली आणि बोट ठेवून ओळीनं समजावलं. औषधानं रोग दबला आहे, पण या जातीचा रोग परत उलटतो. दुसऱ्याच्या निरोगी पेशी दिल्या तर टिकायची आशा जास्त. त्या पेशी बाईंच्या शरीराशी जुळायला हव्यात, आणि जुळण्याची शक्यता सख्ख्या भावंडांत सगळ्यांत जास्त. तपासणीला लागतं एक नळीभर रक्त. रोग दबलेला आहे तोवरच हे करायचं, म्हणून घाई.

"आणि हे दादाला कधी सांगितलं?"

डॉक्टरीणबाईंनी तारीख वाचली. सात आठवडे झाले होते.

दादांनी जो पडदा धरला होता, तो बाईंसाठी नव्हताच. बाईंना कळलं असतं तर बाईंनी पहिला प्रश्न विचारला असता, मग तू रक्त दिलंस का? हा प्रश्न त्या घरात दादांना विचारायची हिंमत दुसऱ्या कुणातच नव्हती. बहिणीला झेपणार नाही म्हणत स्वतःला न झेपणारी सुई हा माणूस तिच्या पदराआड लपवत होता. आणि लोक म्हणत होते, बघा कसा भाऊ, किती जपतो.

रिक्षा घराशी थांबली. दारात पाय ठेवल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा." एवढंच. नवरा सांगतो, की तिनं भांडी फेकली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दादा आले, सफरचंदांची पिशवी घेऊन. मुलीनं मामाला दारातच साबण दिला, हात धुवायला लावले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादांनी सुरुवात केली, की सगळं तुझ्या भल्यासाठी, शाळेत परीक्षा चालू होत्या, माझं ब्लडप्रेशर, तुझी वहिनी म्हणते हाडात सुई घालतात. बाईंनी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. मजकूर कितीही वाईट असला तरी आधी पुरता वाचायचा, ही त्यांची जुनी सवय.

"तुला झेपलं नसतं गं," दादा शेवटी म्हणाले.

"दादा, माझ्या जागी तू सही केलीस," बाई म्हणाल्या. "आता तुझ्या जागी मी करू का? आण तुझा कागद. रक्त मात्र तुझंच लागेल."

दादा पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग भाचीनं सकाळच्या बसची वेळ सांगितली. म्हणाली, "मामा, मी येते तुमच्याबरोबर. सुई टोचताना हात धरीन." ही थट्टा होती की नाही, हे दादांना अजून कळलेलं नाही.

ते गेले. नळीभर रक्त दिलं. पंधरा दिवसांनी कळलं, की जुळलं, पूर्ण जुळलं. हाडात सुई घालावी लागलीच नाही; चार-पाच दिवस इंजेक्शनं झाली आणि मग दंडातून रक्त घेऊन यंत्रानं पेशी वेगळ्या केल्या. चार तास दादा पलंगावर पडून टीव्ही बघत होते. बाईंनी मात्र त्या आधी नवा फॉर्म मागितला. तोच, तुटक्या "रु"चा. नीट वाचला, दोन प्रश्न विचारले, आणि आपण लावलेल्या टिंबांवर आपली सही केली.

पुढचे पाच आठवडे त्या काचेच्या खोलीत होत्या. नवरा काचेबाहेर उभा राहून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि काचेला लावायचा. बाई आतून बोटानं चुका दाखवायच्या. चौथ्या आठवड्यात त्यानं कागदावर एकच शब्द लिहिला, "चुकलो." त्यात बाईंनी काही दुरुस्त केलं नाही. हातानं खूण केली, की जेवलात का.

वर्षानं बाई छापखान्यात परतल्या. अर्धाच दिवस, खिडकी उघडी, मास्क, हातमोजे. धोका सरला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत आणि बाईही म्हणत नाहीत. दर महिन्याला रक्त तपासतात आणि अहवाल स्वतः वाचतात.

त्याच महिन्यात एक मजकूर छापायला आला. दादांच्या शाळेतून. दादांचा जाहीर सत्कार, निमंत्रण दोनशे प्रती. "भगिनीस स्वतःच्या रक्ताने जीवदान देणारे, क्षणाचाही विलंब न लावता त्यागास सिद्ध झालेले आमचे मुख्याध्यापक." मजकुराचं अक्षर दादांचंच होतं. बाई ते वळण ओळखत नसतील तर कोण ओळखणार.

मालकांनी घाबरत घाबरत विचारलं, परत पाठवू का? बाई म्हणाल्या, आलेलं काम परत पाठवत नाहीत.

त्यांनी तो मजकूर अक्षर न् अक्षर जुळवला. काना नाही सुटला, मात्रा नाही. जुळारीण मजकुरात स्वतःच्या पदरचं काही घालत नाही, हा तिचा अभिमान. पण एक हक्क तिला असतो. पहिली प्रत तपासायला पाठवताना शंका असेल तर कडेला लिहून विचारता येतं. "क्षणाचाही विलंब न लावता" या ओळीखाली बाईंनी पेन्सिलीनं रेघ ओढली आणि समासात बारीक, स्वच्छ अक्षरांत लिहिलं.

"कधी सांगितले व कधी आले, त्या दोन्ही तारखा कळवाव्यात. म्हणजे जुळवते."

ती प्रत शाळेत गेली, आणि तिचं उत्तर काही आलं नाही. सत्कार झाला की नाही मला ठाऊक नाही. निमंत्रण तरी छापलं गेलं नाही. जुळवलेला मजकूर सुतळीनं बांधून बाईंच्या खिडकीखालच्या फळीवर ठेवला आहे. मालकांना ते खिळे दुसऱ्या कामाला हवे आहेत. बाई म्हणतात, राहू द्या, तारखा यायच्या आहेत.