मतदान सुरू होण्याआधीच मत देऊन आलेल्या आजी

हा ग्रुप मी बरेच दिवस नुसता वाचतोय, तेही बायकोला चिडवायला. ती तुमचे अनुभव वाचते आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना मला उठवून सोबत नेते. मी नळापाशी उभा राहून तिला व्याख्यान देतो — अगं, सगळं मनाचे खेळ असतात वगैरे. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती पलीकडच्या खोलीत जे हसतेय ते इथवर ऐकू येतंय. असो... भोगा आपल्या कर्माची फळं.

मी बडोद्यात शाळेत गणित शिकवतो, घर हरणीला. भुतांची भीती मला कधीच वाटली नाही. वाटते ती एकाच गोष्टीची — इलेक्शन ड्युटीच्या ऑर्डरची. लोकसभेची निवडणूक होती. आमच्या जागेवर या वेळी जुने खासदार उभे नव्हते, सगळेच उमेदवार नवे, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी तापलेली. अशा वेळी मला प्रिसायडिंग ऑफिसर केलं, म्हणजे अख्ख्या बूथची जबाबदारी माझ्या डोक्यावर. बायको म्हणाली, “जो माणूस खंडेराव मार्केटला स्कूटर विसरून रिक्षाने घरी येतो, त्याच्या हातात मशीन दिलं? देशाचं कठीण आहे.”

बूथ मांडवीच्या मागच्या गल्लीत, एका प्राथमिक शाळेच्या वर्गात. आदल्या संध्याकाळीच आम्ही तिथे मुक्कामाला. माझ्या टीममध्ये इलाबेन होत्या, बोटाला शाई लावायचं काम त्यांचं. शिवाय दोघं क्लार्क आणि दारावर पोलीस. वर्गातले बाक पहिलीच्या मुलांचे. त्यावर झोपून माझी पाठ कशी झाली असेल ते तुम्हीच समजा.

आता थोडं तांत्रिक, पण गोष्ट त्यावरच उभी आहे. खरं मतदान सकाळी सातला सुरू होतं. त्याआधी पहाटे ‘मॉक पोल’ घ्यायचा असतो. उमेदवारांच्या एजंटांसमोर खोटी खोटी मतं टाकायची, पेटीत पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्यांशी जुळवून दाखवायची, आणि मग ती सगळी मतं मशीनमधून पुसून टाकायची. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून हे पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं. कारण विसरलात तर खोटी मतं खऱ्यांत मिसळतात. मागे एका मास्तरांचं तसं झालं होतं. सस्पेंड झाले, वर खात्याची चौकशी. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांचं नाव अजून हळू आवाजात घेतात. माझी मुलगी शेवटच्या वर्षाला, घराचे हप्ते चालू... मला ते परवडणारं नव्हतं.

मॉक पोल झाला. चिठ्ठ्या मोजल्या, जुळल्या. दोन्ही एजंटांनी माना डोलावल्या. तेवढ्यात चहा आला, आणि एका एजंटाने वाद काढला की समोरच्याने खिशावर आपल्या पक्षाचं चिन्ह लावलंय. मी मध्ये पडलो, ते चिन्ह काढायला लावलं, थोडा मोठेपणाही मिरवला. परत टेबलाशी आलो आणि हिरवी कागदी पट्टी हातात घेतली. ती लावली की मशीन सीलबंद. एजंट म्हणाला, “साहेब, हवे जल्दी करो ने, बहार लाइन थई गई छे.”

आणि दारात आजी.

फिकट निळं लुगडं, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, रांगेतून पुढे घुसल्या. मी मराठीतच म्हटलं, “आजी, अजून वेळ आहे, बाहेर बसा.” त्या बसायच्या ऐवजी आत आल्या. डाव्या हाताचं बोट आपण शाई वाळवायला धरतो तसं वर धरलेलं. बोटावर शाई. ओली.

“मी मत देऊन आले रे बाळा,” त्या म्हणाल्या. “ते आत पडलं का, तेवढं जो ने.”

मी हसलो. आजी, मतदान सुरूच झालं नाही, आत कुणाचंच मत नाही, असं समजावलं. तर त्यांनी ते बोट माझ्या हाताच्या पाठीवर टेकवलं. गार लागलं.

“नाही कसं? बघ तरी.”

वर्गात हट्टी पोराला उत्तर दाखवून गप्प करतात ना, तसं करायला मी टोटलचं बटण दाबलं. म्हटलं, बघा, शून्य.

शून्य नव्हतं. मॉक पोलची सगळीच्या सगळी मतं तिथे बसली होती.

त्या चिन्हाच्या वादात क्लिअर करायचं राहूनच गेलं होतं. मी पट्टी खाली ठेवली, एजंटांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर क्लोज, रिझल्ट, क्लिअर केलं. पुन्हा टोटल दाबलं. शून्य. गणिताच्या मास्तराला शून्य इतकं गोजिरं कधी दिसलं नव्हतं, खरं सांगतो!

मान वर केली तर दारात कुणी नाही.

पोलीस म्हणाला, स्टाफ आणि एजंट सोडून एक माणूस आत सोडलेला नाही. एजंटांनी कुणाला पाहिलं नव्हतं. इलाबेन म्हणाल्या, तुम्ही दाराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होता, मला वाटलं सर क्लोज-रिझल्ट-क्लिअरची उजळणी करतायत. आमच्या बूथला कॅमेरा नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिली कॉमेंट तीच येईल.

मीही मनाची समजूत घातली. अपुरी झोप, टेन्शन, रिकाम्या पोटी चहा. एवढ्यात इलाबेन शाईची बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आल्या, माझ्यासमोर सील तोडायला. बाटली कोरी बंद होती. सील तोडता तोडता त्या थांबल्या आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, “सर, तमने आ क्यां लाग्युं?” हे कुठे लागलं, म्हणे.

हाताच्या पाठीवर जांभळा ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा.

दिवसभर मी रांगेतली प्रत्येक म्हातारी निरखून पाहिली. एक-दोघींनी त्याबद्दल मला झापलंही. निळ्या लुगड्यातली आली नाही. संध्याकाळी मशीनवरचा आकडा आणि रजिस्टर बरोबर जुळलं, मशीन जमा केलं आणि घरी येऊन दिवाणावर आडवा झालो. बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही घाबरणार. तिने माझा हात उजेडात धरला, ठिपका बघितला आणि म्हणाली, “कुणी का असेना, बाईमाणूस होतं म्हणून आठवण करून दिली.” त्या रात्री पाणी प्यायला ती एकटी गेली.

ठिपका आठवड्याभरात गेला. भीती मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. वाटतं ते हायसं. माझी नोकरी त्या आजींच्या एका बोटावर तरली.

खुलासा माझ्याकडे नाही. त्या कुठल्या निवडणुकीत मत देऊन आल्या होत्या, कुणाला दिलं, ते मोजलं गेलं की नाही, देव जाणे. फक्त एक गोष्ट टोचते. त्यांनी एवढंच विचारलं होतं, माझं मत आत पडलं का. आणि मी काय केलं, तर बटण दाबून आतलं सगळं पुसून टाकलं.

पुन्हा ड्युटी लागली तर या वेळी नाव कमी करायला कुणाच्या पाया पडणार नाही. त्या आल्याच, तर खुर्ची देईन आणि म्हणेन, बसा आजी, सात वाजू द्या... पहिला नंबर तुमचा.