थांबलं की विझणारा लाइट

ग्रुपवाल्यांनो, मागच्या महिन्यात मी इथंच फुशारकी मारली होती. बाबांच्या सायकलले डायनॅमो लावला, पुढे-मागे दोन्ही लाइट त्याच्यावरच, बॅटरीची कटकट नाही. तुम्हीही धडाधड लाइक दिले होते.

आज संध्याकाळी अंधार पडता पडता बाबा इथं रायपुरातच शंकर नगरहून सायकलनं घरी येऊन राहिले होते. सिग्नल लाल झाला, ते थांबले. चाक थांबलं, त्यासोबत डायनॅमो थांबला अन् मागचा लाइट विझला. मागून एक स्कूटीवाला सिग्नल तोडायच्या घाईत आला अन् सरळ त्यांच्यावर चढला.

मनगट मोडलं. दवाखान्यात मी आधी बाबांवरच ओरडलो, "लाइट काहून बंद केला होता?"

"मी नाही केला रे. थांबलो होतो फक्त."

स्कूटीवाला बाजूलेच उभा होता. माफी तर सोडाच, उलट म्हणे, "अंकल, रोड खाली था, सिग्नल पे रुके ही क्यों?"

माझा हात उठणारच होता. पण डायनॅमो घेतला ते सायकलचं दुकान आठवलं. दुकानदारानं दुसरा लाइट दाखवला होता. तोही बिनबॅटरीचा, पण सायकल थांबल्यावर चार-पाच मिनिटं जळत राहणारा. "भैया, बाबूजी के लिए ये ले जाओ."

मी हसलो होतो. "रायपुर में रुकता कौन है?"

माझा बाप थांबतो. रस्ता रिकामा असला तरी थांबतो. मले माहीत होतं.

आता सांगा, त्या स्कूटीवाल्याले मी कोणत्या तोंडानं बोलू?