काजळी चोळलेला तांब्या

कारखान्यातून रिटायर झालेला माणूस काय करतो? पारावर बसतो, न्हायतर सुनेच्या कामात नाक खुपसतो. आमच्या ढोकीचा मच्छिंद्र हिब्रू लेखांवर भांडतो. हिब्रू म्हंजे यहुदी लोकांची भाषा. त्यांच्या मुलखात जमीन उकरताना जुने दगड, खापऱ्या निघतात, त्यावर दोन-चार झिजलेली अक्षरं असतात, आन मोठमोठे प्रोफेसर त्यावरून एकमेकांची अब्रू काढतात. हे सगळं मच्छिंद्र मोबाईलवर बघतो आन सकाळी माझ्या हाटेलात येऊन सांगतो. मी शांताक्का. चहा माझा, आन डोकं बी माझंच उठतंय.

समोर बसतो ईरण्णा, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. भांड्याचं दुकान हाय त्याचं. ह्या माणसानं आजवर हार मानली न्हाय, गिऱ्हाइकापुढं न्हाय की बायकोपुढं न्हाय.

परवा वाद पेटला मोबाईलवरच्या असल्याच एका जुन्या मडक्यावरून. मडक्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं. मच्छिंद्र म्हणला, ज्याचं नाव त्याचं मडकं, त्यात काय वाद?

"तुझ्या प्रोफेसरांच्या घरात कधी लग्न झालं न्हाय का?" ईरण्णा म्हणला. "भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतंय. जल्मभर म्या दुसरं काय कोरतोय? माझ्या घरात एका ताटावर माझं नाव न्हाय. उद्या कुणी उकरलं तर म्हणतील, हितं ह्याची सासुरवाडी राहत होती."

बाकावरची माणसं हसली. मच्छिंद्र उठला, घरी गेला आन एक पितळी तांब्या घेऊन आला.

"ही माझी आई," म्हणला.

मच्छिंद्र रांगत होता तवाच त्याची आई, कडूबाई, गेली. फोटो न्हाय, लुगडं न्हाय, हा तांब्या तेवढा राहिला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव घासून घासून गेलेलं. पुढं 'क' दिसतो, मागं 'बाई' दिसतं, मधलं सपाट.

"वाच आन सांग, नाव मालकिणीचं हाय का न्हाय."

ईरण्णानं माझ्या कढईच्या बुडाची काजळी बोटावर घेतली, नावावर चोळली आन वरून फडकं फिरवलं. ठिपके काळे होऊन वर आले. मी चौथी शिकलेली, पण मला बी वाचता आलं. काशीबाई.

ईरण्णा लई वेळ तांब्या फिरवत बसला.

"कडूबाई," शेवटी म्हणला. "मालकिणीचंच नाव हाय. हारलो गड्या."

मला वाटलं, आता मच्छिंद्र अख्ख्या हाटेलाला चहा पाजणार. त्यानं तांब्या हिसकून घेतला.

"खोटं कवापासून बोलाय लागलास?"

"खोटं कसलं?"

"काशीबाई हाय ते. शाळेत अक्षरं जुळवाय आली तवाच कळलंय मला. आईच्या लग्नात कुणीतरी दिला असंल. पण आईचं नाव दुसरं कुठंच लिवलेलं न्हाय, ईरण्णा. मग म्या हितंच वाचतो."

मला रडूच आलं, उगं कशाला लपवू. ईरण्णा धोतर सावरत उठला.

"दुकानात चल. मशीन हाय. हे घासून काढतो आन कडूबाई कोरून देतो, आत्ताच."

मच्छिंद्र सदऱ्याच्या टोकानं काजळी पुसत राहिला.

"नको," म्हणला. "त्या काशीबाईचं नाव तरी दुसरीकडं कुठं लिवलेलं असंल?"