भाऊजींनी सरळ केलेलं घर

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, जुनी घरं नव्याने उभी करणारे सुतार. वाकडं काही त्यांना खपत नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा यायच्या आत दाराची बिजागरी हलवून बघतात. लग्नात मी त्यांना चिडवलं होतं, आमच्या ताईचं नाक थोडं वाकडं आहे, तेवढं तासू नका. ते हसले नाहीत. नीट निरखून बघितलं आणि चालेल म्हणाले.

काम मात्र देखणं. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा, सिमेंटने ओल आत कोंडते, हे त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालंय. जुनं लाकूड टाकायचं नाही, तासून, तेल पाजून पुन्हा वापरायचं. गिऱ्हाइकांची घरं अशी देखणी, आणि स्वतःच्या घराला हात लावायला सवड नाही. पुढच्या खोलीत जमिनीची एक फळी दबलेली, जिन्याचा कठडा खरबरीत, गाठ आलेला, बाहेरचं दार कुरकुरणारं. बोलून बोलून ताईचं तोंड दुखलं.

मग ताईची नजर जायला लागली. डॉक्टरांनी हात टेकले. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. भाऊजींनी बाहेरची कामं बंद केली, ताईला माझ्याकडे ठेवलं आणि घराच्या मागे लागले. तिला ठेच लागू नये, काही टोचू नये, एवढा एकच ध्यास. मी मध्ये डोकावले तेव्हा भुवयांवर लाकडाचा भुसा बसला होता आणि स्वारी खुशीत होती.

परतली त्या दिवशी ताईने माझा हात झिडकारला. स्वतःच्या घरात मला कुणी धरायला नको, म्हणाली. चपला काढून आत गेली आणि खोलीच्या मधोमध थबकली. जमीन सपाट, भिंती गुळगुळीत, दारं मुकी. चाचपडत निघाली ती स्वयंपाकघराऐवजी न्हाणीत पोचली. तिथूनच मला हाक मारून म्हणाली, मला तुझ्याच घरी ने.

मला भाऊजींचा संताप आला, आणि त्यांचा चेहरा बघून रडूही आलं.

"अगं, पण माझं चुकलं काय?" त्यांनी विचारलं.

"चुकलं काहीच नाही," ताई म्हणाली. "दबलेली फळी पायाला लागली की मी डावीकडे वळायचे. कठड्याची गाठ हाताला लागली की शेवटची पायरी. दार कुरकुरलं की तुम्ही आलात. आता मला काहीच दिसत नाही."

भाऊजी पेटीतून कोरायची पटाशी काढून ताईच्या पायाशी बसले. जन्मभर खड्डे बुजवणारा माणूस विचारत होता, इथे की जरा पुढे, केवढा खोल. ताई पायाने चाचपून सांगत होती. एवढं गोल नको, वेडंवाकडं होतं ते, असं तिने सुनावलंही. त्यांनी मुकाट्याने वेडंवाकडं कोरलं. नंतर कठड्याला गाठ बसवली.

दाराचं मात्र जमेना. तेल पुसलं, बिजागरी सैल केली, तरी दार कुरकुरेना. राहू द्या, ताई म्हणाली.

तेव्हापासून भाऊजी घरी आले की उंबऱ्याशी थांबतात आणि तोंडाने दारासारखे कुरकुरतात. मी हसले तर म्हणतात, अजून हुबेहूब जमत नाही. तेवढ्यात आतून ताईचा आवाज येतो, "आलात?"