पाटलांनी मागून आणलेला बी.ए.

शाळेच्या माणसांजवळ किस्से साचतात ते फळ्याखालच्या भुकटीसारखे. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी आहेतच!

इंग्रजी राज्य होतं. मेडशीजवळच्या आमच्या गावानं हौसेनं इंग्रजी शाळा काढली. मी तिथे मराठी शिकवायचो. इन्स्पेक्टरसाहेब सांगून गेले, "पुढच्या भेटीत बी.ए. मास्तर दिसला नाही, तर इंग्रजी वर्ग बंद."

शाळेचे अध्यक्ष गणपतराव पाटील. सहीपुरते शिकलेले, पण शाळेवर पोटच्या पोरासारखा जीव. म्हणाले, "बी.ए. काई झाडाले नाई लागत. आपल्यालेच आनावा लागन."

*

पहिले आणले वाशीमचे एक वकील. वकिली चालत नव्हती, म्हणून आले. ते बी.ए. नाहीत, हे पाटलांना आणल्यावर कळलं!

महिन्याभरात पाटलांचा नातू शेजारचे पेरू तोडताना सापडला. मालकाला म्हणाला, "पाह्यलं कोनं? साक्षीदार आना."

पाटील मला म्हणाले, "मास्तर चांगला हाये. पन आता गावात चोर सापडत नाई."

*

दुसरे आले रेल्वेतून, स्टेशनमास्तरकी सोडून. तेही बी.ए. नव्हतेच. एक वर्ग बाहेर पडून खोली मोकळी झाल्याशिवाय दुसऱ्याला आत सोडत नसत. "लाईन क्लिअर नाही," म्हणायचे.

एकदा मला यायला उशीर झाला. येऊन बघतो तर दारावरच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'मराठी, अर्धा तास लेट.'

*

शेवटी पाटलांना अमरावतीच्या एका नव्या बी.ए.चा पत्ता लागला. बी.ए. मागायचा तर रिकाम्या हातानं कसं जायचं? पाटलांनी नवा फेटा बांधला, नारळ आणि पेढे घेतले आणि मलाही सोबत नेलं.

मुलाचे वडील काळे, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना पाटील म्हणाले, "तुमच्या पोराले पाहाले आलो जी."

काळ्यांनी आतून चहा मागवला. मुलाला कोट घालायला लावून बाहेर बोलावलं. मग हळूच विचारलं, "मुलगी कितवी शिकली आहे?"

"एक नाई जी, चाळीस हायेत," पाटील म्हणाले. "सारेच पोट्टे. काई तर लय दांडगे हायेत."

काळ्यांचा कप बशीत वाजला. पण मुलगा खो खो हसला, आणि त्या हसण्यातच आमच्याबरोबर यायला तयार झाला. पाटलांनी नारळ काळ्यांच्या हातात ठेवला.

*

काळे मास्तर नाल्यापलीकडे पाटलांच्या मळ्यात राहायचे. त्यांच्या धोतराला चिखल लागू नये म्हणून पाटील रोज स्वतः दमणी जुंपून त्यांना शाळेत सोडायचे. बैलगाडीतून शाळेत येणारा मास्तर मी तेवढा एकच पाहिला.

जेवण रोज गावातल्या एकेका घरून यायचं. एकदा ते सहज म्हणाले, "ठेचा छान होता." दुसऱ्या दिवशी घराघरातून ठेचा आला!

पाटील म्हणाले, "तोंड सांभाळून बोलत जा मास्तर. हे गाव आयकते."

*

इन्स्पेक्टरसाहेब यायला आठवडा उरला आणि अमरावतीहून वडील काळे आले. मुलाला नागपुरात सरकारी नोकरी लागली होती. मुलगा मान खाली घालून सामान बांधू लागला.

आता गावात कुणाची गाडी मिळेना. कुणाचा बैल लंगडत होता, कुणाचं चाक मोडलं होतं. मला मनातून बरंच वाटत होतं. पण पाटील म्हणाले, "पाव्हन्याले अडवनं बरं नाई. मीच सोडतो." त्यांनी दमणी जुंपली. बापलेक मागे बसले, सामान धरून मीही चढलो.

नाला ओलांडून मेडशीची वाट धरायची, तर बैल डावीकडे वळले ते थेट शाळेच्या दाराशी जाऊन थांबले. पोरं रोजच्यासारखी धावत आली, मास्तरांची पुस्तकं उतरवून घ्यायला. एकानं ट्रंकच उचलली.

वडील काळे चिडले. "पाटील, हे काय?"

"म्या काई नाई केलं जी. पाहा, कासरा सैल हाये."

काळ्यांनी कासरा पाहिला, मग पोरांकडे पाहत राहिले. मुलगा खालीच बघत होता.

"चाळीसच ना हो, पाटील?"

"चाळीस."

"उतर रे," काळे मुलाला म्हणाले. "नारळ घेतलाय आपण. ठरलेलं मोडू नये."

पाटलांनी खाली उतरून बैल सोडले.